‘पेट साउंड्स’ की ‘सार्जंट पेपर’?

सर्वांत प्रभावी अल्बम कोणता, असं विचारलं तर मी बीटल्स या ब्रिटिश बँडच्या ‘सार्जंट पेपर’च्या (१९६७) आधी बीच बॉइज या अमेरिकी बँडच्या ‘पेट साउंड्स’चं (१९६६) नाव घेईन. ‘सार्जंट पेपर’साठी बीटल्सनी चार ट्रॅकच्या, म्हणजे टेपवर चारच वेगळे ध्वनिपट्टे नोंदवणाऱ्या यंत्रांवर चाळीस वादकांचा ऑर्केस्ट्रा चढवला, जॉर्ज हॅरिसननं दिलरुबा-तबला आणला, मलपृष्ठावर गाण्यांचे शब्द छापले. अल्बम ही एकसंध कलाकृती असते, हे जगाला पटलं ते त्यांच्यामुळेच. पण ती वाट आधी बीच बॉइजच्या ब्रायन विल्सननं पाडली होती. हेडफोन लावून ‘पेट साउंड्स’मधलं ‘यू स्टिल बिलीव्ह इन मी’ ऐका. हळुवार सुरांमागे मध्येच सायकलची घंटी किणकिणते आणि कोवळ्या वयातलं प्रेम डोळ्यांपुढे उभं राहतं. अल्बमच्या शेवटी आगगाडी धडधडत जाते, विल्सनची स्वतःची कुत्री भुंकतात. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं हे ऋण मोकळेपणानं मान्य केलंय.