ट्रान्सफॉर्मरच्या ऑइल पिटचं काम: बांधकाम झकास, पंपाकडे मात्र स्वतः लक्ष ठेवा

नवी मुंबईत महापेला आमच्या कंपनीचं विजेचं 22 केव्हीचं यार्ड आहे, तिथल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरखाली या वर्षी नवीन ऑइल पिट, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून गळलेलं तेल अडवून ठेवायचा खड्डा, बांधून घेतला, रबाळ्याच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडून. नाव टाकत नाही कारण पुढे थोडी तक्रारपण आहे, पण टीटीसीत (इथल्या एमआयडीसी पट्ट्यात) कुठे मेंटेनन्सला असाल तर असलं काम देताना काय बघायचं ते तरी कळेल.

हे करायचं का, तर ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर तेल किती लिटर ते लिहिलेलं असतं, आमच्यावर 2400 आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सेफ्टी रेग्युलेशनमध्येच होतं की 2000 लिटरच्या वर तेल असेल तर सोक पिट (असाच तेलाचा खड्डा) पाहिजे, आणि एका टाकीत 9000 च्या वर गेलं तर तेल काढून नेण्याची व्यवस्था, आग पसरू नये म्हणून उपाय असं बरंच काही. 2023 ला नवीन रेग्युलेशन आले तरी पिटमधून सुटका नाही. आणि आमचं 1800 च आहे म्हणून निवांत बसलेले लोक मी बघितलेत, अरे बाबांनो इथले नाले शेवटी ठाणे खाडीतच जातात, ती 2022 पासून रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, एकदा गास्केट (जोडातलं तेल अडवणारं पॅकिंग) गेलं की नाला काय नेमप्लेट बघायला येत नाही.

आता काम. तीन कोटेशन मागवली होती त्यातलं हे मधलं. सगळ्यात स्वस्तवाल्याने पिट बरोब्बर 2400 लिटरचा काढला होता आणि तो तळापासून वरपर्यंत खडीने भरणार होता! खडी भरली की तेलाला जागा उरते ती चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हजार लिटर पण धड मावणार नाही, बाकीचं यार्डात. आमच्या माणसाने खाली रिकामा पिट, त्यावर लोखंडी जाळी आणि जाळीवर फक्त खडीचा थर असं दिलं. खडी लागतेच, पेटतं तेल तिच्यातून खाली उतरताना विझतं, पण ती वर हवी. आतून कोटिंगपण इपॉक्सीचं केलं, डांबराचं नाही, कारण ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये डांबर विरघळतं आणि हे तेलाच्या पिटला डांबर मारून देणारेच सांगत नाहीत. शेवटी पाणी भरून रात्रभर ठेवलं आणि सकाळी लेव्हल दाखवली, न मागता. इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क.

पण आपल्याकडे खरी डोकेदुखी तेलाची नाही, पावसाची आहे. साधा हिशोब करा, पिटचा एरिया 20 चौरस मीटर धरला आणि दिवसात 100 मिमी पाऊस पडला तर 2000 लिटर पाणी आत, आणि जुलैत नवी मुंबईत 100 मिमी म्हणजे काही बातमी नाही. पिट आधीच पाण्याने भरलेला असेल तर तेल तरंगत तरंगत काठावरून बाहेर. मग पाणी सारखं काढत राहायला पाहिजे, आणि हाताच्या व्हॉल्व्हवर सोडलं तर धो धो पावसात नाइट शिफ्टला टॉर्च घेऊन वर तवंग आहे का ते कोण बघणार, कोणी नाही. म्हणून ऑटो पंप मागितला.

आणि इथेच साहेबांनी माती खाल्ली. पिटच्या बाजूला पाणी गोळा होऊन पंपाने उपसायचा छोटा खड्डा असतो, संप म्हणतात त्याला, त्यात घराच्या टाकीला असतो तसला साधा फ्लोट स्विच लावून दिला. फ्लोटला पाणी काय आणि तेल काय, लेव्हल वाढली की पंप चालू. म्हणजे उद्या ट्रान्सफॉर्मरचा रेडिएटर (तेल थंड करणारा भाग) फुटला तर पंप आधी खालचं पाणी काढणार आणि मग मागोमाग तेलपण इमानदारीत गटारात सोडणार, एवढा खर्च करून तेल नाल्यात सोडायची ऑटोमॅटिक सोय झाली की ही. विचारलं तर म्हणे सगळीकडे असंच देतो सर. दोन-तीनदा भांडून फ्लोटऐवजी प्रोब (पाणी ओळखणाऱ्या धातूच्या कांड्या) लावून घेतले. पाण्यातून करंट जातो, तेलातून जात नाही, त्यामुळे खालच्या प्रोबपर्यंत तेल आलं की पंप बंद आणि पॅनलवर अलार्म. संपमध्ये तेलाची बादली ओतून टेस्ट करायला लावली, पंप थांबला तेव्हाच सही केली. फरकाचे पैसे अर्धे त्यांचे अर्धे आमचे.

आणखी एक राहिलेलं, पिटच्या भिंतीतून केबल ट्रेंचकडे जाणारे पाइप उघडेच होते. तेल त्यातून ट्रेंचमध्ये आणि तिथून सरळ पॅनल रूमला. सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी येऊन सील केले, याबाबतीत माणूस चांगला आहे, फोन उचलतो.

टेस्टचं तेल मात्र भंगारवाल्याला देऊ नका, वापरलेलं तेल 2016 च्या नियमांत घातक कचऱ्यात येतं, अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं आणि मॅनिफेस्ट (तो कचरा कोणाला दिला त्याचा कागद) फाइलला लावायचं.

पाचपैकी साडेतीन स्टार. सिव्हिलसाठी (बांधकामासाठी) परत बोलवेन, पंप-पॅनलचं काम वेगळ्या माणसाला देईन. काम झाल्यानंतरचं फायनल ड्रॉइंग अजून आलेलं नाही, शेवटचं पेमेंट त्यासाठीच अडवून ठेवलंय.