मिळेल ते यकृत आत्ता, की चांगल्याची वाट?

यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीतल्या रुग्णाच्या घरी रात्री फोन येतो: यकृत आहे, पण दाता सत्तरीचा, शिवाय यकृतात चरबी. घ्यायचं का?

थांबलात आणि तरुण दात्याचं यकृत मिळालं, तर ते लवकर कामाला लागतं, पित्तनलिकांचा त्रासही कमी. पण ते कधी मिळेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि सिरॉसिस, म्हणजे यकृत घट्ट होऊन निकामी होत जाणं, तोवर थांबत नाही. पोटात पाणी साचतं, किडन्या ढासळतात, एखादा जंतुसंसर्ग रुग्णाला शस्त्रक्रियेच्या पलीकडे नेतो. मेल्ड स्कोअर (यकृताचा आजार किती गंभीर ते सांगणारा आकडा; जितका जास्त तितका धोका जास्त) ३० च्या पुढे असेल तर थांबणं हाच मोठा धोका, असं माझं स्पष्ट मत आहे. १२-१३ असेल तर घाई नको.

शिवाय ‘कमी प्रतीची’ यकृतं सगळी सारखी नसतात. नुसत्या वयाने फारसं बिघडत नाही. मोठ्या थेंबांची चरबी ३० टक्क्यांपर्यंत बहुतेक सर्जन स्वीकारतात, ६० च्या वर सहसा नाही. हिपॅटायटिस सी झालेल्या दात्याचं यकृत पूर्वी टाळत. आता तो विषाणू गोळ्यांनी जातो. घात होतो तो दोष एकत्र आल्यावर: म्हातारा दाता, भरपूर चरबी आणि बर्फात दहा-बारा तास. यकृतातून ऑक्सिजनयुक्त द्राव फिरवणारं यंत्र इथे मदत करतं. या यंत्राच्या २०२१ च्या युरोपातल्या चाचणीत, हृदय थांबून मृत्यू झालेल्या दात्यांच्या यकृतांत, पित्तनलिका आकसून त्रास होण्याचं प्रमाण १८ टक्क्यांऐवजी ६ टक्के दिसलं.

हे सगळं डॉक्टरांशी नाव नोंदवतानाच बोलून घ्या; फोन आल्यावर विचाराला वेळ नसतो.