एनोला गे की स्मॉलटाउन बॉय: प्रेझेंटेशनला कुठलं घ्यायचं?

इंग्लिशच्या प्रेझेंटेशनला सिंथ-पॉप (सिंथेसायझरवर वाजवलेलं पॉप) गाण्याचा आतला अर्थ सांगायचाय आणि गाडी या दोघांवर अडलीये, तर आधी एवढंच बघा की वर्गात किती मोकळं बोलता येतं.

ओएमडी या ब्रिटिश बँडचं 'एनोला गे' (१९८०) नुसतं ऐकलं तर वरातीत वाजवावं असं वाटतं. गायलेलं ध्रुवपद नाहीच, ते काम सिंथची धून करते. शब्दांत सव्वाआठची वेळ, 'लिटल बॉय' आणि आई, एवढ्याच खुणा. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी ८:१५, हिरोशिमा. लिटल बॉय हे तिथे टाकलेल्या अणुबॉम्बचं नाव, एनोला गे हे तो टाकणारं विमान, आणि त्याला पायलट पॉल टिबेट्सने स्वतःच्या आईचं नाव दिलेलं! बाहेरचा माणूस हुतात्मा एक्सप्रेसला नुसती पुण्याची गाडी समजतो, १९३१ ला फाशी गेलेले सोलापूरचे चौघं त्याला कुठून माहीत असणार, तसंच हे. नाव कळलं की गाणं उलगडलं, प्रत्येक मुद्द्याला पुरावा, सरांना वाद घालायला जागा नाही. पण मग पुढे बोलायला फारसं उरत पण नाही, इतक्या भयंकर गोष्टीला नाचायची चाल का, एवढा एकच प्रश्न उरतो (तो मात्र भारीये).

ब्रॉन्स्की बीट या ब्रिटिश बँडचं 'स्मॉलटाउन बॉय' (१९८४) वेगळंय. सकाळची वेळ, छोटी बॅग, प्लॅटफॉर्मवर एकटा पोरगा, आणि तो का चाललाय ते गाणं सरळ सांगतच नाही. आपल्याकडची पोरं लगेच म्हणतात, जॉबसाठी पुण्याला जाणाऱ्यांचं गाणं आहे. अरे, जॉबला जाणाऱ्याला आई चटणी-भाकरी बांधून देते बे, मग आईला हे कधीच कळणार नाही असं गाण्यात कशाला म्हणावं लागेल? व्हिडिओ बघा: स्विमिंग पूल, मग टोळक्याची मारहाण, पोलीस घरी आणून सोडतात, मग ट्रेन. पोरगा समलिंगी आहे. अल्बमचं नाव 'द एज ऑफ कन्सेंट', आणि त्याच्या आतल्या कव्हरवर समलिंगी संबंधांसाठी देशोदेशीची संमतीची वयं (कायद्याने कितव्या वर्षापासून परवानगी) छापलेली. ब्रिटनमध्ये तेव्हा समलिंगी पुरुषांना २१, बाकीच्यांना १६. शब्द, व्हिडिओ, कव्हर तिन्ही एकत्र ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही, म्हणून मेहनत जास्त पण मजा पण जास्त.

वेळ कमी आणि सर कडक, तर डोळे झाकून एनोला गे. नाहीतर माझं मत स्मॉलटाउन बॉयला. फक्त पोरगा समलिंगी आहे हे पहिल्याच स्लाइडला सरळ सांगून टाका, लाजत लाजत शेवटपर्यंत ताणलं की मागचे बेंच खिदळायला लागतात आणि पुढचं कोणी ऐकत नाही.