12 इंची हँड सीलर: गावच्या सोलांसाठी दोन सीझन वापरल्यावर

मुंबईत मस्जिद बंदरला पॅकिंगच्या सामानाच्या दुकानातून हा सीलर, म्हणजे प्लास्टिकच्या पाकिटाचं तोंड गरम करून चिकटवणारं हाताचं मशीन, मी 2,100 रुपयांना घेतला, तो माझ्या धाकट्या जावेसाठी. कुडाळजवळ आमच्या गावी ती घरच्या रातांब्यांची (कोकमांची) सोलं, म्हणजे आमसुलं, करते. आधी ती सुटी विकायची, व्यापारी म्हणेल त्या भावाने. पाव किलोची पाकिटं करून स्वतःच्या नावाने विकायची, हे तिच्या मनात कधीपासून होतं. दुकानात पायाने दाबायचं मोठं मशीनही दाखवलं, पण सुरुवातीला नको म्हटलं.

तुतारी एक्स्प्रेसने गावी नेलं आणि पहिल्याच दिवशी चाळीस पाकिटं झाली. ती मी येताना मुंबईला आणली, ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी. घरी बॅग उघडली तर साडीवर लाल डाग, निम्म्याहून जास्त पाकिटं पाझरलेली. फोन करायचा धीरच होईना. रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, परत बुडवायची, इतकी मेहनत होती तिची. तेवढ्यात तिचाच फोन आला, "वैनी, हयली पाकिटां पण गळतत हो!"

खोट मशीनची नव्हती. सोलांना मिठाचं पाणी सुटतं. भरताना ते पाकिटाच्या तोंडाला लागलं की प्लास्टिक नीट चिकटतच नाही. शिवण वरून पक्की दिसते आणि जरा दाब पडला की सुटते. आता ती रुंद तोंडाचं नरसाळं लावून भरते, कडा आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसते आणि मशीनचा दिवा विझल्यावरही पाच आकडे मोजेपर्यंत दांडा दाबून ठेवते. गरम शिवण निवताना घट्ट होते, म्हणून हे पाच आकडे महत्त्वाचे. तेव्हापासून एकही पाकीट गळलेलं नाही. कुळथाच्या पिठालाही तेच, कडेला पीठ राहिलं की शिवण कच्ची.

संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, त्यामुळे पॅकिंग सकाळीच उरकावं लागतं. सलग शंभरेक पाकिटं केली की टेफ्लॉनची पट्टी करपते, मध्ये विश्रांती द्यावीच लागते. सुटी तार आणि पट्टी सोबत मिळते, स्क्रूड्रायव्हरने तिची तीच बदलते. लोखंडी बॉडी मात्र घेऊ नका. मिठाच्या हातांनी आमच्या मशीनला कडेने गंज धरलाय, त्याचाच एक तारा मी कापते.

खाण्याचा माल विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी आधी करा. तिची मी इथूनच ऑनलाइन केली, तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती. पाकिटावर तो 14 आकडी नंबर आला आणि दादरच्या एका दुकानदाराने माल ठेवून घेतला.

यंदा पावसाआधी दोनशे पाकिटं झाली. शेवटचा खोका बांधताना ती म्हणाली, "वैनी, तां पायाचां मशीन कितक्याक गावतला?" शनिवारी मस्जिदला जाऊन भाव काढणार आहे.