यूट्यूब पार्टनर प्रोग्राम: गेमिंग चॅनलच्या हिशेबानं

गेम बनवला कंपनीनं, खेळलात तुम्ही, दाखवला यूट्यूबनं. मग जाहिरातीचे पैसे कुणाचे? यूट्यूब पार्टनर प्रोग्राम, म्हणजे चॅनलला कमाईत वाटा देणारी योजना, तिचा हिशेब सरळ आहे. लांब व्हिडिओवर ५५ टक्के तुमचे, ४५ त्यांचे. शॉर्ट्सवर तुमच्या वाट्याचे ४५. गेम कंपनीसाठी या वहीत रकानाच नाही. गेमिंगसाठी ही सेवा घेताना सगळ्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

आधी दाराशी. जाहिरातीचा वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यू. ‘आता ५०० सबस्क्रायबरवरच मॉनेटाइज होतं’, म्हणजे कमाई सुरू होते, असं म्हणतात; ते अर्धंच खरं. त्या पायरीवर मेंबरशिप (प्रेक्षकांची मासिक वर्गणी), सुपर चॅट (लाइव्हमध्ये प्रेक्षक देतात ते पैसे) मिळतं, जाहिरातीची कमाई नाही.

आकडे भरले तरी माणसाकडून तपासणी होते आणि गेमिंगवाले तिथे अनेकदा अडकतात ते ‘रीयूज्ड कंटेंट’च्या, म्हणजे दुसऱ्याचंच काम पुन्हा वापरल्याच्या, शेऱ्यावर. कटसीन (गेममधले चित्रपटासारखे तयार प्रसंग) जोडून केलेला ‘फुल मूव्ही’, आवाज न देता टाकलेला तीन तासांचा वॉकथ्रू (गेम पार करून दाखवणारा व्हिडिओ), दुसऱ्यांच्या क्लिपांचं कडबोळं, हे सगळं यात जातं. तुमचा आवाज, तुमची काटछाट, तुमचं विश्लेषण व्हिडिओत ठसठशीत दिसलं पाहिजे. ही अट आम्हाला रास्त वाटते. नुसतं रेकॉर्डचं बटण दाबण्याचे पैसे कुणी का द्यावेत?

यूट्यूबनं हो म्हटलं म्हणजे गेम कंपनीनंही म्हटलं असं मात्र नाही. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीचं उदाहरण सगळ्यात बोलकं. २०१३ मध्ये कंपनीनं कंटेंट आयडी (कॉपीराइट असलेला भाग आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) वापरून लेट्स प्ले, म्हणजे गेम खेळून दाखवणाऱ्या, व्हिडिओंवर मालकीचे दावे (क्लेम) लावले आणि जाहिरातीचा पैसा स्वतःकडे वळवला. २०१५ मध्ये ‘निन्टेंडो क्रिएटर्स प्रोग्राम’ आणला: एकेक व्हिडिओ नोंदवला तर ६० टक्के, अख्खा चॅनल नोंदवला तर ७०. ऐकायला बरं वाटतं, पण ही टक्केवारी यूट्यूबनं आपला हिस्सा कापून घेतल्यावरची. म्हणजे १,००० रुपयांच्या जाहिरातीतले ५५० उरणार, त्यातले ३३० किंवा ३८५ तुमच्या हातात. शिवाय गेम त्यांच्या यादीतलाच हवा आणि चॅनल नोंदवायचा तर त्यावर दुसऱ्या कंपनीचा गेम चालणार नाही. २०१८ च्या अखेरीस कंपनीनं ही योजना गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आता त्यांचं म्हणणं एवढंच: स्वतःची भर घाला, अधिकृतपणे बाहेर आलेलंच दाखवा, मग यूट्यूबच्या जाहिरातींना आमची हरकत नाही. माइनक्राफ्टवाले आधीपासूनच मोकळ्या हाताचे.

याचा अर्थ वाटा मागणाऱ्या कंपन्या नेहमी चुकीच्या, असं नाही. माइनक्राफ्टमध्ये दोन खेळाडूंची दोन जगं होतात. बघणाऱ्याला स्वतः खेळावंसं वाटतं. कथाप्रधान गेमचं गणित वेगळं. ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा गेम दोनेक तासांत संपतो. लोक तो व्हिडिओवरच पूर्ण बघतात आणि विकत घेत नाहीत, अशी तक्रार त्याच्या निर्मात्यांनी २०१६ मध्ये उघडपणे मांडली होती, आणि ती आम्हाला पटते. ‘पर्सोना ५’ आला तेव्हा, २०१७ मध्ये, त्याची कंपनी अॅटलसनं ‘गेममधल्या अमुक तारखेपुढचं दाखवू नका’ अशी तंबी दिली. आरडाओरड झाल्यावर ती तारीख पुढे ढकलली. अशा गेमसाठी निर्मात्याला ठरावीक वाटा देण्याची सोय यूट्यूबनं करायला हवी होती. आज क्लेम लागला की बहुतेक वेळा त्या व्हिडिओचा सगळाच पैसा दावेदाराकडे जातो. यूट्यूबचे गुण आम्ही इथेच कापतो.

रोजची डोकेदुखी मात्र गेमची नसते, गाण्यांची असते. जीटीए ५ मध्ये गाडीत बसलात, रेडिओ लागला, की क्लेम आलाच समजा. गेम कंपनीनं गाणं गेमपुरतं घेतलेलं असतं. तुमच्या व्हिडिओचा हक्क त्यात येत नाही. सायबरपंक २०७७ मध्ये अशी गाणी बंद करण्याची सेटिंग आहे, ती रेकॉर्डिंगआधी लावा. जिथे नाही तिथे गेमचं म्युझिक शून्यावर. दोन्ही आवाज वेगळे राहावेत म्हणून ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये गेमचा आवाज ट्रॅक २ वर आणि माइक ट्रॅक ३ वर टाका, शिवाय आउटपुट सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगसाठी त्या ट्रॅकवर टिक करा. दुसरी पायरी हमखास विसरली जाते आणि मग फाइलमध्ये एकच मिसळलेला आवाज निघतो. क्लेम आल्यावर यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायच्या पानावर) ‘गाणं म्यूट’ करताना कधी कधी तुमची कॉमेंट्रीही चिरडली जाते, आणि त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही. व्ह्यू गेले ते गेले.

क्लेम चुकीचा वाटला तर ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट (हरकत) करा. तसं केलं तर क्लेम लागल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखून ठेवली जाते. उशीर झाला तर डिस्प्यूट केल्या दिवसापासूनचीच. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात, त्यामुळे नव्या गेमच्या गर्दीचा काळ हातातून जाऊ शकतो. भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ टीका आणि परीक्षणासाठी वापराला मुभा देतं, पण सहा तासांचा सलग गेमप्ले ‘परीक्षण’ म्हणून खपेल या भरवशावर राहू नका.

पैसे हातात येणं त्या मानानं सोपं. अॅडसेन्स या गूगलच्या पैसे देणाऱ्या खात्यात १०० डॉलर जमले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघतात. टॅक्सची माहिती भरायला टाळाटाळ करू नका: भारत-अमेरिका कर करार लागू झाला तर फक्त अमेरिकन प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर १५ टक्के कापले जातात, फॉर्म कोराच राहिला तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत.