तांब्याचं नेतीपात्र: तोटीनेच घात केला

जलनेती म्हणजे तोटीच्या पात्रातून मिठाचं कोमट पाणी नाकपुडीत सोडून नाक धुणं. ती कशी करतात हे इथे सांगत बसत नाही. ज्यांना ती येते आणि जे आता पात्र विकत घ्यायला निघालेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्या तांब्याच्या पात्राची तोटी काही महिन्यांतच गळायला लागली आणि विकणाऱ्याने सरळ हात वर केले.

तोटी लोट्याला जिथे जोडलेली असते, तिथल्या डाखापाशी आधी हिरवट कळंक दिसला, मग तिथूनच थेंब सुटू लागला. बाहेरून घासून चकचकीत करता येतं हो, पण तोटीच्या आत बोटसुद्धा जात नाही. लोट्याला आतून कल्हई करून घेता येईल, तोटीच्या आत ती कशी पोचणार? आणि नाकात जाणारं सगळं पाणी त्या तोटीतूनच येतं. विकणाऱ्याचं उत्तर काय, तर ‘शुद्ध तांबं आहे म्हणूनच हिरवं होतं,’ आणि वर ‘शास्त्रात तांबंच सांगितलंय.’

दुसऱ्या वाक्याचा मला फार राग आला. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातल्या षट्कर्मांत, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत, नेती आहे, पण ती सुताची. वीतभर मऊ सूत नाकातून घालून तोंडातून बाहेर काढायचं, एवढंच तिथे सांगितलंय. त्या श्लोकात पात्रच नाही, मग तांबं कुठून आलं? मिठाच्या पाण्यातलं क्लोराइड तांब्यावरचा संरक्षक थर खातं आणि कळंक धरतो. नेतीपात्र म्हणून विकता, तर त्यात रोज मीठ पडणार हे गृहीत धरायला नको?

नेतीबद्दल मात्र माझी काहीच तक्रार नाही. धुळीची ॲलर्जी आहे, सकाळी शिंकांची रांग लागायची, ती खूप कमी झाली. 2018 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने ॲलर्जीच्या सर्दीवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्रास कमी होत असावा, पण पुरावा फार भक्कम नाही, असं त्यात म्हटलंय. मला फरक स्पष्ट जाणवतो. नाकाचा स्प्रे मी सोडलेला नाही. आधी नेती, मग स्प्रे, असा क्रम डॉक्टरांनी सांगितलाय. नाक धुतलेलं असलं की औषध आत नीट पोचतं.

मिठाबाबत ‘चिमूटभर’ हा शब्द विसरा. रक्ताच्या खारटपणाला जुळणारं प्रमाण 0.9 टक्के, म्हणजे 1 लिटरला 9 ग्रॅम. कमी पडलं की पेशी पाणी ओढून फुगतात आणि डोळ्यांपर्यंत झोंबतं, जास्त झालं तरी आग होते. नेतीच्या बहुतेक तयार पुड्यांमध्ये मीठ आणि थोडा खायचा सोडा, बाकी काही नाही. रोज त्यावर पैसे घालवणं मला पटत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एका वेळेला लागणारे 2 ग्रॅम धड मोजता येत नाहीत, म्हणून मी एकदम लिटरभर पाण्याचं मीठ मोजते. घरात दोघं नेती करत असलो की ते पाणी त्याच दिवशी संपतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र काटकसर नको. नळाचं पाणी प्यायला चांगलं असलं तरी नाकात तसंच घालायचं नाही. 2011 साली अमेरिकेतल्या लुइझियानात नळाचं पाणी नेतीपात्रातून वापरणाऱ्या दोघांचा नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाने मृत्यू झाला. हा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून थेट मेंदूकडे जातो. म्हणून खळखळून उकळी आल्यावर किमान 1 मिनिट उकळायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं, मगच मीठ. आमच्या योगवर्गात बादलीतलं पाणी मगाने सगळ्यांना वाढायचे. मी ते थांबवायला सांगितलं आणि थांबेपर्यंत सांगत राहिले.

पुढची भर: वरचं सगळं लिहिलं तेव्हा मी स्टीलचं पात्र घेतलं होतं आणि तेच घ्या असं सुचवणार होते. आता नाही सुचवत. क्लोराइड स्टीललाही सोडत नाही. जोडाच्या झाळणीपाशी तपकिरी ठिपके आले, आणि तोटीचं टोक इतकं पातळ की नाकपुडीची कड खरचटते. सध्या चिनीमातीचं वापरतेय. लोटा आणि तोटी एकसंध, जोड कुठेच नाही, टोक जाड आणि गोल, त्यामुळे नाकपुडीत घट्ट बसतं आणि पाणी गालावर ओघळत नाही. जड आहे, आणि ओल्या हातातून सुटलं तर फुटणार हे नक्की. तरी तांब्यापेक्षा स्वस्त पडलं.

नेतीनंतर कपालभाती करताना किंवा नाक शिंकरताना एक नाकपुडी दाबून जोर लावू नका, पाणी कानात चढतं. दोन्ही मोकळ्या ठेवून, पुढे वाकून, हलके झटके द्या. कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल, तर त्या दिवशी पात्राला हातच लावू नका. आणि दुकानात पात्र बघताना आधी तोटीच्या मुळाशी बोट फिरवा. जोड हाताला लागला तर ते परत ठेवा.