आडात आहे, पोहऱ्यात येत नाही: भूजलातले जीव पकडणाऱ्या त्स्वेत्कोव जाळ्याचं परीक्षण

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण भूजलातल्या ॲम्फिपॉडना लागू होत नाही. ते आडात असले तरी पोहऱ्यात येत नाहीत. पोहरा वरचं हातभर पाणी उचलतो आणि हे बसलेले असतात तळाच्या गाळात, दगडांच्या सांदीत, झरा फुटतो त्या फटीत. कोळंबीचे हे दूरचे भाऊबंद काही मिलिमीटर लांबीचे, दोन्ही कुशींनी चेपलेले असतात. त्यांना डोळे नसतात आणि अंगाला रंगही नसतो. त्यांना वर आणायचं तर जाळं तळापर्यंत जायला हवं, गाळ ढवळायला हवं आणि आत आलेलं परत सांडू द्यायला नको. बल्गेरियाच्या त्स्वेत्कोव यांनी 1968 मध्ये मांडलेली रचना नेमकी यासाठी आहे. या परीक्षणात तिच्यावर बेतलेलं तयार जाळं आणि शिंप्याकडून शिवून घेतलेली त्याची देशी आवृत्ती, अशी दोन्ही पाहिली आहेत.

थोडक्यात निकाल असा: रचनेला पाचपैकी साडेचार, तयार संचाला साडेतीन आणि देशी आवृत्तीला चार. पण देशीला चार गुण तेव्हाच, जेव्हा खालची बाटली नीट बसवलेली असेल.

तयार संचात स्टीलचं कडं, नायलॉनच्या जाळीचा शंकू, खाली झडप, झडपेखाली फिरकीची बाटली आणि वजन अडकवायला हुक मिळतो. दोरी मिळत नाही. वजन कधी मिळतं, कधी नाही. झडप ही या जाळ्याची खरी खुबी. जाळं वर ओढताना ती उघडते, खाली सोडताना मिटते. साध्या प्लँक्टन जाळ्याने (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव पकडायच्या) तळाशी पाच-सहा वेळा वर-खाली ठोके दिले, तर प्रत्येक वेळी खाली जाताना आतलं निम्मं परत बाहेर येतं. इथे ते होत नाही. एकच खोड आहे. झडपेच्या कडेला वाळूचा एक दाणा जरी अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही, आणि वरून पाहणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून प्रत्येक खेपेनंतर झडप बोटाने दाबून बघायची. मुरमाड तळाच्या विहिरीत याचा फार वैताग होतो.

आता जाळीबद्दल, कारण पैसे तिथे मोजायचे असतात, कड्यावर नाही. फक्त ॲम्फिपॉड हवे असतील तर 150 मायक्रॉनची भोकं पुरतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बाथिनेला किंवा हार्पॅक्टिकॉइडसारखे आणखी बारीक कवचधारी जीवही हवेत तर 50 मायक्रॉन लागतात. मात्र 50 मायक्रॉनची जाळी घेताना शंकूची लांबी बघा. 9 सेंमी व्यासाच्या कड्याचं तोंड सुमारे 64 चौसेंमी असतं. शंकू 60 सेंमी लांब असेल तर कापड सुमारे 850 चौसेंमी भरतं आणि त्यातली प्रत्यक्ष उघडी भोकं 30 टक्के धरली तर 250 चौसेंमी. म्हणजे तोंडाच्या चौपट. हे प्रमाण चांगलं आहे. हाच शंकू 30 सेंमीचा असेल तर प्रमाण दुपटीवर येतं. मग पाणी जाळीतून निघून जाण्याऐवजी तोंडातून उलटं फेकलं जातं आणि त्याच्याबरोबर जीवही बाजूला सरकतात. गाळाने निम्मी भोकं बुजली की ते जाळं म्हणजे नुसती पिशवी. ‘प्लँक्टन नेट’ म्हणून विकली जाणारी आखूड जाळी विहिरीत अपयशी ठरतात ती याच कारणाने. दोष तिथल्या जीवांचा नसतो.

देशी आवृत्तीसाठी स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडचं पॉलिस्टर कापड उत्तम. त्यांच्याकडे माप मायक्रॉनमध्ये सांगत नाहीत, सेंटिमीटरला किती धागे ते सांगतात. 43 नंबरच्या कापडाचं भोक सुमारे 150 मायक्रॉनचं असतं, 77 नंबरचं सुमारे 70 आणि 120 नंबरचं सुमारे 45. धाग्याच्या जाडीप्रमाणे यात थोडा फरक पडतो, म्हणून दुकानदाराला धाग्याची जाडीही विचारा. शिवण दुहेरी घ्यायची आणि शिवणीची कड बाहेरच्या बाजूला ठेवायची. कड आत राहिली की तिच्या घडीत जीव अडकून वाळतात आणि पुढच्या विहिरीच्या नमुन्यात ‘नवी नोंद’ म्हणून बाहेर पडतात. असल्या नोंदी नंतर खोडताना फार जड जातं.

बाटली हा दोन्ही आवृत्त्यांचा कच्चा दुवा. तयार संचातली बाटली फिरकीने बसते, पण आट्यांत गाळ गेला की अर्ध्यावरच घट्ट झाल्यासारखी वाटते आणि वर येता येता निसटते. आटे दर खेपेला पाण्याने धुवायचे आणि बाटलीच्या गळ्याला एक पातळ दोरी जादा बांधून ठेवायची. देशीत 100 मिलिलिटरची रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली आणि नळीला लावतात ती स्टीलची पकड वापरली तर काम भागतं. रबरबँड नको. ओलं रबर चाळीस फुटांवर कधी सरकतं ते कळतही नाही.

वजन 500 ग्रॅम ते 1 किलो. कोळ्यांकडचं शिशाचं वजन सहज मिळतं, पण पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत शिसं सोडू नये. स्टीलचा नटबोल्टचा गुच्छ चालतो. वजन बाटलीच्या खाली वीतभर अंतरावर लोंबतं ठेवा. बाटलीलाच चिकटवलं तर बाटली गाळात रुतते आणि पहिल्याच खेपेत चिखलाने गच्च भरते. दोरी न पिळवटणारी, विणीची घ्या आणि दर मीटरला रंगाची खूण करा. नाहीतर तळ लागला की जाळं मधेच कपारीत अडकलं, हे कळायला मार्ग नाही.

वापरायची रीत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. जाळं तळाला टेकवायचं. मग मीटरभर वर उचलून परत सोडायचं, असं पाच-सहा वेळा, म्हणजे गाळ उठतो आणि त्यातले जीव पाण्यात येतात. त्यानंतर न थांबता, पण सावकाश वर ओढायचं: एका मीटरला तीन-चार सेकंद. झटक्याने ओढलं तर जाळ्यापुढे पाण्याची उशी तयार होते आणि ॲम्फिपॉड तिच्याबरोबर बाजूला होतात. वर आल्यावर जाळं बाहेरून पाणी मारून धुवायचं, म्हणजे जाळीला चिकटलेलं सगळं बाटलीत उतरतं. आतून धुऊ नका. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पर्यावरण प्राधिकरणाच्या 2007 च्या मार्गदर्शनात एका बोअरला सहा खेपा सांगितल्या आहेत, तीन 50 मायक्रॉनच्या आणि तीन 150 च्या. आमच्या मते आधी 150 च्या तीन घ्याव्यात. जाड गाळ त्यात निघून जातो आणि बारीक जाळी लगेच बुजत नाही.

हा आकडा अरुंद बोअरसाठी आहे. चार-पाच मीटर रुंदीच्या उघड्या विहिरीत सहा खेपांनी तळाचा एक कोपराही नीट होत नाही. तिथे मधोमध जाळं सोडणं हा सगळ्यात मोठा वेळेचा अपव्यय. झरा कुठून येतो ते विहीरमालकाला विचारा. उन्हाळ्यात विहीर उपसताना त्यांनी तो पाहिलेला असतो. त्या बाजूच्या कडेला जाळं सोडा आणि दोन-तीन पावलं सरकत परत सोडा. मृग लागल्यावर वरचं पाणी आत येतं आणि जाळ्यात डबक्यातलेच जीव भरतात, त्यामुळे जानेवारी ते मे हा काळ बरा.

बोअरवेलची अडचण वेगळी. महाराष्ट्रातल्या सहा इंची बोअरमध्ये 9 सेंमीचं कडं आरामात जातं, पण आत पाणबुडी पंप असेल तर अजिबात उतरवू नका. वायर आणि पाइपात जाळं गुंतलं की जाळं गेलं, शिवाय पंप काढायचा खर्चही बोकांडी बसतो. बंद पडलेली किंवा फक्त पातळी मोजण्यासाठी ठेवलेली बोअर असेल तर उत्तम. हातपंपाखाली हे जाळं फक्त गाळणी म्हणून बांधता येतं. इंडिया मार्क दोनचा पंप मिनिटाला साधारण 12 लिटर पाणी देतो, म्हणजे 300 लिटर गाळायला पंचवीस मिनिटांची मेहनत. जीव मिळतात, पण पंपाच्या वॉशरमधून येताना पाय तुटतात, आणि ॲम्फिपॉडची ओळख तर पायांवरच असते.

विहीर निवडताना दोन गोष्टी आधी विचारायच्या. डासांच्या अळ्यांसाठी गप्पी किंवा गंबुसिया सोडलेत का? सोडले असतील तर पुढची विहीर बघा. हे मासे बारीक कवचधारी जीव शिल्लक ठेवत नाहीत. दुसरं, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर शेवटची कधी टाकली? ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला हे नक्की माहीत असतं. नुकतीच टाकलेली असेल तर त्या विहिरीतला रिकामा नमुना काहीच सिद्ध करत नाही.

आपल्याकडच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, असले जीव कसले, हा आक्षेप हमखास येतो. आइसलँडही बेसॉल्टचाच आहे आणि तिथल्या लाव्ह्यातल्या झऱ्यांतून क्रँगोनिक्स आयलँडिकस आणि क्रायमोस्टिगियस थिंगव्हालेन्सिस हे दोन भूजल ॲम्फिपॉड मिळाले आहेत. अर्थात तिथला लाव्हा कोवळा आणि सच्छिद्र आहे. आपल्याकडे पाणी असतं ते मुरमात, भेगांत आणि थरांच्या सांध्यात. त्यामुळे आइसलँडकडून घ्यायचा धडा जागेचा: झऱ्याच्या तोंडाला जाळं रात्रभर बांधून ठेवणं. हे काम त्स्वेत्कोव जाळ्यानेही होतं, झडप तेवढी काढून ठेवायची. भारतातल्या नोंदी मोजक्या आहेत. प्राणिशास्त्रज्ञ चिल्टन यांनी 1923 मध्ये नायफार्गस या प्रजातीतली (जीनस) म्हणून वर्णन केलेली आणि पुढे इंडोनायफार्गस या वेगळ्या प्रजातीत गेलेली इंडिकस ही जात आहे. आग्नेय भारतातली, 2006 मध्ये वर्णन झालेली बोगिडिएला इंडिका आहे. युरोपात एकट्या नायफार्गसच्या चारशेहून अधिक जाती आहेत. हा फरक निसर्गाइतकाच जाळी कुठे आणि किती पडली याचाही आहे.

पर्याय म्हणाल तर नदीकाठच्या वाळू-गोट्यांसाठी हे जाळं निरुपयोगी. तिथे बू-रूश पंप हवा: टोकाला भोकं असलेली लोखंडी नळी अर्धा-एक मीटर ठोकायची आणि पाच-दहा लिटर पाणी उपसून गाळायचं. नाहीतर फुकटातली रीत, म्हणजे पात्राकडेला वाळूत झिरा खणून त्यात साचलेलं पाणी गाळायचं. विहिरीत जाळ्याच्या जोडीला आमिषाची बाटली चांगली. गळा कापून उलटा बसवलेली अर्ध्या लिटरची बाटली, आत मीठ धुऊन काढलेला चिमूटभर जवळा, एक रात्र. पिण्याच्या विहिरीत मात्र हे करू नये.

बाटलीतला माल पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून पाच मिनिटं शांत ठेवा. गाळ बसला की हालचाल दिसते. कुशीवर पडून सरपटणारा पांढरा जीव ॲम्फिपॉड. पाठीकडून चपटा आणि चालणारा असेल तर आयसोपॉड. दोऱ्यासारखा लांबट असेल तर बहुधा बाथिनेला. डोळे आहेत का हे जिवंतपणीच टॉर्च लावून बघा आणि लिहून ठेवा. अल्कोहोलमध्ये डोळ्यांचा रंग उडतो, आणि पृष्ठभागावरचा साधा जीवही महिन्याभराने ‘आंधळा’ दिसू लागतो. डीएनएसाठी 95 टक्क्यांवरचं इथेनॉल हवं, मालाच्या दहापट, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलायचं. आकारावरून ओळखायचं असेल तर 70 ते 80 टक्के बरं, कारण तीव्र इथेनॉलमध्ये पाय कडक होऊन मोडतात. सॅनिटायझरचं जेल अजिबात नको.

एका विहिरीतून दुसरीकडे जाताना जाळं ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून काढा, मग साध्या पाण्यात तीन-चार वेळा खळबळून धुवा. क्लोरीनचा वास राहिला तर पुढच्या विहिरीतले जीव वर येईपर्यंत मरतात. वाळवायचं सावलीत. तयार संचातलं नायलॉन उन्हात ठिसूळ होतं आणि सगळ्यात आधी शिवणीजवळ फाटतं. म्हणून संच घेताना सुटी जाळी वेगळी मिळते का ते विचारून घ्या. ती मिळत नसेल तर कडं आणि झडप तेवढी विकत घ्या आणि शंकू गावातल्या शिंप्याकडे टाका.